छन्नीचं काम आणि एकाच डोळ्यात मोतीबिंदू: शिबिराआधी एक्स-रे का काढायचा

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमचा भाऊ २८ वर्षांचा, आर्णी तालुक्यात घरकुलांच्या कामांवर सेंट्रिंग आणि तोडफोड करतो, महिन्याला बाराएक हजार पडतात. तीन आठवड्यांपूर्वी जुना स्लॅब छन्नीने फोडताना उजव्या डोळ्याला टचकन काहीतरी लागलं. पाणी आलं, थोडी लाली आली. मेडिकलवाल्याने दिलेले थेंब टाकले, दोन दिवसांत दुखणं थांबलं आणि तो कामावर गेला. आता त्या डोळ्याने धुरकट दिसतं आणि बाहुलीत पांढरट छटा आली आहे. ठेकेदार म्हणतो हा मोतीबिंदू आहे, अपघाताशी त्याचा संबंध नाही, पाच हजार घ्या आणि पुढच्या शिबिरात ऑपरेशन करून टाका. तुम्ही विचारलंय की शिबिराची वाट पाहायची का, आणि कामावरच्या बाकी पोरांना काय सांगायचं.

शिबिराची वाट पाहू नका. ठेकेदाराने मोतीबिंदू म्हटलं ते कदाचित बरोबरही असेल, पण खरा प्रश्न वेगळा आहे: तो मोतीबिंदू झाला कशाने? अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला, एकाच डोळ्यात, छन्नी मारताना लागल्यानंतर तीन आठवड्यांत मोतीबिंदू दिसला, तर डोळ्याच्या आत लोखंडाचा कण आहे असंच मी धरून चालतो. तपासणीत तो नाही असं सिद्ध होईपर्यंत मत बदलत नाही.

मी विदर्भात डोळ्यांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतोय. बांधकामावरचा माणूस डोळा धरून आला की माझा पहिला प्रश्न असतो, "लागलं तेव्हा हातात काय होतं?" ग्राइंडर असेल तर एक विचार, चुना असेल तर दुसरा, बांधणीची तार असेल तर तिसरा. हातोडा आणि छन्नी म्हटलं की, डोळा वरून कितीही चांगला दिसो, मी एक्स-रे काढल्याशिवाय सोडत नाही.

कारण सांगतो. भावाची छन्नी एकदा हातात घेऊन बघा. नवी असताना तिचं डोकं सपाट असतं. हातोडा बसून बसून कडा बाहेर वळतात, छत्रीसारखं फुलतं, आणि त्या वळलेल्या कडेला चिरा पडतात. पुढचा घाव बसला की त्या चिरेतून पोलादाची बारीक कपची उडते. लोकांना वाटतं काँक्रीटची खपली उडाली. काँक्रीटही उडतं, पण ते बहुतेक वेळा वरच अडतं आणि खूप खुपतं. पोलादाची कपची धारदार असते आणि वेगात येते. ती बुबुळाला किंवा पांढऱ्या भागाला इतकं बारीक भोक पाडून आत जाते की ते भोक आपोआप मिटतं. रक्त नाही, मोठी जखम नाही, दोन दिवसांत दुखणंही बंद. म्हणून तर पेशंट म्हणतो, "आता काही दुखत नाही डाक्टर, मंग कायले नागपूरले धाडता?"

आत जाताना तो कण भिंगाला लागला, तर भिंगाचं आवरण फाटतं, डोळ्यातलं पाणी आत शिरतं आणि भिंग पांढरं पडतं. तुम्हाला दिसणारी पांढरट छटा ती हीच असावी. कण मात्र तिथेच थांबलेला नसतो, बहुतेक वेळा मागे, जिथे चित्र उमटतं त्या पडद्याजवळ जाऊन पडलेला असतो. अशा डोळ्यात नुसतं भिंग काढून नवीन बसवलं, तर लोखंड आतच राहील. लोखंड डोळ्यात गंजतं. तो गंज हळूहळू पडद्यात मुरतो, बुबुळामागचा रंग तपकिरी होत जातो, बाहुली मोठी राहते, रात्रीचं दिसणं कमी होतं, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत डोळा जातो. पडद्याचं एकदा झालेलं हे नुकसान नंतर भरून येत नाही. शिबिरातले डॉक्टर काही वाईट नसतात. शिबिरात तपासणी होते आणि ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात, ही पद्धत चांगलीच आहे. पण म्हाताऱ्यांच्या लांब रांगेत तुमच्या भावाने "मोतीबिंदू आहे" एवढंच सांगितलं आणि छन्नीची गोष्ट राहून गेली, तर ही शंका कुणाला यायची?

तर उद्या, फार तर परवा, त्याला घेऊन निघा. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एक्स-रे आणि डोळ्यांची पहिली तपासणी होईल. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्ध्याजवळ सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असे पर्याय आहेत. कुठे पडद्याचा सर्जन कोणत्या दिवशी असतो हे आधी फोन करून विचारा, नाहीतर एक दिवस फुकट जातो. मध्येच डोळा दुखायला लागला, लाल झाला, पापणी सुजली किंवा नजर एकदम कमी झाली, तर उद्याचीही वाट पाहू नका, त्याच रात्री निघा. आत जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असते आणि तिथे प्रश्न तासांचा असतो. तीन आठवडे शांत गेलेत म्हणजे ती भीती कमी झाली आहे, संपलेली नाही.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "छन्नी मारताना लागलं." ते बाहुली मोठी करणारं औषध टाकून आत बघतील. मोतीबिंदूमुळे आतलं दिसलं नाही, तर सोनोग्राफी करतील. एक्स-रेमध्ये लोखंड बहुतेक वेळा दिसतं, पण फार बारीक कण निसटू शकतो. एक्स-रे स्वच्छ आला आणि तरी शंका असली, तर बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कण लोखंडाचा असण्याची शंका असेपर्यंत एमआरआय करू द्यायचा नाही. त्या यंत्रात मोठा चुंबक असतो, तो कणाला जागेवरून ओढतो आणि पडदा फाडू शकतो. उद्या डोकेदुखीसाठी म्हणून कुणी एमआरआय लिहून दिला, तरी आधी डोळ्याचं सांगा.

कण सापडला तर पडद्याचे सर्जन डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढून चिमट्याने किंवा चुंबकाने कण बाहेर काढतात. मोतीबिंदू त्याच वेळी काढायचा की नंतर, नवीन भिंग लगेच बसवायचं की काही आठवड्यांनी, हे त्यांना आत काय दिसतं त्यावर ठरतं. नजर किती परत येईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ते कण कुठे पडला, बारीक नजरेची मधली जागा वाचली का, पडदा निसटला आहे का, आणि आज त्या डोळ्याला किती दिसतंय यावर अवलंबून आहे. आज बोटं मोजता येत असतील, तर आशेला चांगली जागा आहे. घरी एवढं करून बघा: त्याचा चांगला डोळा तळहाताने झाका आणि हाताच्या अंतरावरून बोटं दाखवा. बरेच कामगार ही साधी परीक्षा करत नाहीत, दुसऱ्या डोळ्याने काम भागतं आणि एका डोळ्याचं गेलेलं कळतच नाही.

"दुसरा डोळाही जाईल का?" हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या आईच्या मनात नक्की असेल. भेदक जखम झालेल्या डोळ्यामुळे कधीकधी शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते. ठिपक्यांची लिपी तयार करणारे लुई ब्रेल यांना लहानपणी वडिलांच्या कातडीकामाच्या दुकानात एका डोळ्याला आरी लागली आणि नंतर दोन्ही डोळे गेले, ते बहुधा असंच. आज हे फार क्वचित घडतं आणि लवकर कळलं तर औषधाने आवरतं. चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, मग ते महिन्यांनी का होईना, तर लगेच दाखवायचं, एवढंच ध्यानात ठेवा.

आता त्या थेंबांविषयी. बाटली फेकली नसेल तर सोबत न्या. आपल्याकडे मेडिकलवर "लाल डोळ्याचे थेंब" मागितले की बऱ्याचदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली मिळते. तिच्यावर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असं लिहिलेलं असतं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं झटकन उतरतं, म्हणून ते गुणकारी वाटतं. पण बुबुळावर जखम असेल आणि तिच्यात बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइड बुरशीला मोकळं रान देतं. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथला मजूर चार महिने बांधकामावर आणि चार महिने शेतात असतो. तुरीच्या फणकटाचा, सोयाबीनच्या कुटाराचा कण डोळ्यात गेला की सोबत बुरशी येते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं आणि बुरशीचं औषध, बहुतेक वेळा नॅटामायसिनचे थेंब, कित्येक आठवडे टाकावे लागतात. उशीर झाला तर तिथे फूल पडतं, कधी बुबुळ फुटतं. चांगल्या नजरेचा माणूस पाच दिवसांच्या स्टेरॉइडने नेत्ररोपणाच्या यादीत गेलेला मी पाहिला आहे, आणि ते टाळता आलं असतं याचा मला आजही त्रास होतो.

ठेकेदाराच्या पाच हजारांबद्दल. मी वकील नाही, पण जखमेचे कागद माझ्याच टेबलावर तयार होतात, म्हणून सांगतो. पहिल्या केस पेपरवर "कामावर छन्नी मारताना दुखापत", तारीख आणि जागा लिहून घ्या. अपघाताची नोंद मागा. केस पेपरवर नुसतं "मोतीबिंदू" लिहिलं गेलं, तर पुढे सगळं अवघड होतं. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या तक्त्यात, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची नजर गेली, तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, आणि डोळाच काढावा लागला तर ४० टक्के. हिशोब असा: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा, जो २८ व्या वर्षासाठी २११.७९ आहे, आणि त्याचे ३० टक्के. बारा हजार मजुरीवर हे साडेचार लाखांच्या वर जातं. हे नजर कायमची गेली तरच, आणि ती जाऊ नये म्हणून तर आपण धावतोय. पण पाच हजार घेऊन "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर अंगठा देऊ नका. दावा करायला दोन वर्षं असतात. छोटा ठेकेदार हात वर करत असेल, तर ज्याने काम दिलं त्या मुख्य मालकाकडूनही मागता येतं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असला तर त्यावर ३० टक्के लिहितात, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. त्या प्रमाणपत्रामागे फिरण्यात भरपाईच्या दाव्याचा वेळ घालवू नका. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दवाखान्यात भेटा. भावाची इमारत बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी नसेल, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ग्रामसेवकाकडून घेऊन ती करून ठेवा. टीममधल्या सगळ्यांचीच करा, रेजा बायकांची आधी, कारण त्यांची नोंदणी सगळ्यांत मागे राहते.

आता पोरांना काय सांगायचं ते. पहिलं, चुना आणि सिमेंट. हे मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण इथे डोळा वाचवणं दवाखान्याच्या आधी, कामावरच्याच हातात असतं. चुना आणि ओलं सिमेंट तीव्र अल्कली आहेत. आम्ल डोळ्यात गेलं तर वरचा थर गोठतो आणि तोच त्याला थोडा अडवतो. अल्कली मात्र पेशींची चरबी विरघळवत आत आत जात राहते. म्हणून गाडी शोधण्यात पहिली पाच मिनिटं घालवायची नाहीत, त्याच जागी धुवायला लागायचं. स्लॅबच्या तराईचा, म्हणजे त्यावर पाणी मारायचा पाइप प्रत्येक कामावर असतो. त्याची धार हळू करा, ज्या डोळ्यात गेलं त्या कुशीवर माणसाला झोपवा, दुसऱ्याने दोन बोटांनी पापण्या उघड्या धरायच्या (तो जोरात मिटणारच), आणि अर्धा तास सलग पाणी सोडायचं. पिण्याचं पाणी जवळ असेल तर उत्तम, पण स्वच्छ पाण्याच्या शोधात थांबायचं नाही. पापणीच्या आत चुन्याचे खडे अडकून राहतात, ते ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने पुसून काढा. धुताना धुतानाच १०८ ला फोन लावा. दूध, तूप, मध, लिंबू काहीही घालायचं नाही. आणि धुतल्यावर डोळा पांढराफटक दिसला तर "लाली नाही, बरं झालं" असं समजू नका. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या जळल्या की डोळा पांढरा दिसतो. ती सगळ्यांत वाईट खूण आहे. घरच्यांनाही हे सांगा, कारण खर्र्यासाठी (तंबाखू-सुपारीसाठी) आणलेल्या चुन्याची पुडी दाबून फोडताना लहान पोरांच्या डोळ्यात गेलेला चुना हाच प्रकार असतो.

दुसरं, डोळा फुटणं. बांधणीच्या तारेचं टोक उसळून लागलं, काँक्रीटमध्ये ठोकताना खिळा उडाला, तर नियम बरोबर उलटा. धुवायचं नाही, चोळायचं नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, आत रुतलेलं काही ओढून काढायचं नाही. बाहुलीचा आकार थेंबासारखा ओढला गेला, जखमेतून काळं काहीतरी बाहेर आलं, किंवा नजर एकदम गेली, तर डोळा फुटला असं समजा. कामावर चहाचे कागदी कप असतात. एक कप डोळ्यावर असा ठेवा की कडा हाडावर टेकतील आणि डोळ्याला काही लागणार नाही, मग चिकटपट्टी लावा. खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन दवाखान्यात देतील. इतर सगळं सर्जनवर सोडा.

ग्राइंडर आणि टाइल कटरचा कण बहुतेक वेळा बुबुळावरच चिकटतो. लोखंडाचा असेल तर एका दिवसात त्याच्याभोवती गंजाचं कडं धरतं. तो मशीनखाली बघून सुईने काढायचं काम डॉक्टरचं आहे, पाच मिनिटांत होतं. बाजाराच्या गावात जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढून देणारी माणसं असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जखमेत जंतू जातात. वेल्डिंगचा उजेड लागला तर सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं आणि एक-दोन दिवसांत बरं होतं. बधिर करणारे थेंब घरी टाकत बसू नका, त्याने जखम भरत नाही. फक्त एकाच डोळ्यात खुपत असेल, तर ते वेल्डिंगचं नसून आत कण आहे, असं धरा.

राहिली गोष्ट गॉगलची. आमच्या पोरांना घालायचा कंटाळा आहे, असं ठेकेदार सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बंद गॉगलवर घामाची वाफ धरते आणि समोरचं दिसत नाही. परांचीवर उभा असलेला माणूस तो काढणारच. म्हणून पॉलिकार्बोनेटचा, बाजूने झाकलेला पण वाफ जाण्यासाठी आडून भोकं असलेला गॉगल घ्या, दोरी लावून गळ्यात राहील असा. साधा उन्हाचा काळा चष्मा चालत नाही, त्याची काच फुटून डोळ्यात जाते. दिवसभर घाला असा हट्ट धरू नका, कुणी पाळणार नाही. छन्नी, ग्राइंडर, टाइल कटर, खिळे ठोकणं आणि चुना कालवणं ही पाच कामं ठरवा, आणि त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही घालायला लावा, कारण कपची कुणाकडे उडेल ते कुणी सांगत नाही. टाइल कापताना पाणी सोडलं तर धूळही बसते. आणि दर आठवड्याला सगळ्या छन्न्या एका जागी जमा करून त्यांची फुललेली डोकी ग्राइंडरने घासून सपाट करा, घासणाऱ्याच्या डोळ्यावर गॉगल ठेवून. याला पैसा लागत नाही.

भावाचा एक्स-रे झाला की रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका. नाव आणि केस नंबर झाकून टाका. आणि तोवर त्याला परांचीवर चढू देऊ नका. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो आणि सवय व्हायला काही महिने जातात.